चाळीस फुटांवरची शीर

३ मार्च २००३, सोमवार

शाळेत जाऊन भांडून आले. बरं केलं! 

नव्या बाईंनी हजेरी घेताना माझ्या पोरीला 'हर्षाली फुफाटे' म्हणून हाक मारली. त्यांचीही चूक नाही, पोरांनीच ते आडनाव सांगितलं होतं. अख्खी चौथी खिदळली. हर्षाली दप्तर टाकून पळाली ती थेट आजोबांच्या मांडीत. आणि मामंजींनी काय करावं? पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "खरंच हाय ते. फुफाटाच निघाला व्हता."

असं कोणी बोलतं का लेकराला! मी पदर खोचला आणि तशीच शाळेत गेले.

पोषण आहाराच्या जुन्या रजिस्टरची मागची पानं कोरी आहेत. माझ्या अंगणवाडीतली पोरं खिचडी खाऊन झोपलीत. आज सगळं लिहूनच काढते, नाहीतर डोकं फुटेल.

माझे सासरे चिमाजी हे पाणाडी. म्हणजे होते. तळहातावर नारळ आडवा ठेवून शिवारात चालायचे. खाली पाण्याची शीर असली की नारळ उभा राहायचा. खडकातल्या ज्या भेगेतून पाणी वाहतं, तिला ते शीर म्हणतात. आणे गावापासून पार बेल्ह्यापर्यंत त्यांना बोलावणं असायचं. सत्त्याण्णव साली आमच्या वाडीला सरकारी बोअर मंजूर झाली. जागा अर्थातच मामंजी दाखवणार! त्यांनी अंगणवाडीजवळची बाभळ दाखवली. दोनशे फूट मशीन गेलं आणि वर काय आलं? नुसता फुफाटा! सगळ्यांच्या डोळ्यांत, केसांत, मामंजींच्या मिशांत. खालच्या विहिरीचा गेणभाऊ तिथंच उभा होता. जिभेला हाड नाही त्याच्या. सगळ्यांसमोर म्हणाला, "या, चिमाजी फुफाटे!"

झालं. सहा वर्षं तेच नाव. मामंजींनी परत नारळ हातात धरला नाही. देवळातसुद्धा नारळ दुसऱ्याला फोडायला देतात.

६ मार्च

गेणभाऊच्या विहिरीवर पहाटेपासून रांग. घरटी दोन हंडे. टँकर आठवड्यातून दोनदा येतो म्हणतात. या आठवड्यात एकदाच आला.

माणूस चमत्कारिक आहे हा. सत्तरीला आला. स्वतःच्या मिरच्या जळून गेल्या, पण वाडीला पाणी नाही म्हणाला नाही. कधी कुणाकडून काही घेतलंही नाही. फक्त बोलतो! आज माझा हंडा भरला तसा म्हणाला, "घे सूनबाई. फुफाट्याला पाणी लागतंच की."

वाटलं हंडा त्याच्या डोक्यावर ओतावा. पण मग दुसरं पाणी दोन मैलांवरून चढून कोण आणणार? ओतला नाही.

९ मार्च, रविवार

आण्याच्या एसटीडीवर यांचा फोन. सुनील गुजरातेत मेहसाण्याजवळ तेलाच्या विहिरींवर कामाला आहेत, ठेकेदाराच्या पंपाच्या गाडीवर. पाच महिने झाले, तोंड पाहिलं नाही. मला वाटलं होतं, चार गोड शब्द बोलतील. कसलं काय! बारा मिनिटं खडकावरच बोलले. पण खरं सांगू? ऐकत राहावंसं वाटलं.

जुनी तेलाची विहीर असते. तेल असतं खाली, पण खडक सोडत नाही. मग हे लोक वरून पाणी दाबतात. साधंसुधं नाही, सहा गाड्यांचे पंप एकदम लावून! एक किलोमीटरपेक्षा खोल खडक तडकतो. त्या चिरा परत मिटू नयेत म्हणून पाण्यातून वाळू सोडतात. वाळूचे दाणे चिरेत अडकून बसतात, दारात दगड लावावा तसे. आणि वाळू पाण्यात तरंगत जावी म्हणून पाणी दाट करतात कशानं? गवारीच्या बियांच्या पिठानं! आपली गवार! मी इतकी हसले की बूथवाला बघायला लागला.

"मेलेली विहीर उठून बसते, उज्ज्वला," म्हणाले. गेल्या महिन्यात जिथून बादलीभर तेल निघत नव्हतं, तिथून परवा टँकर भरले. गॅसही निघतो. कुठं कुठं सैपाकाला जातो म्हणे.

सगळंच गोड नाही. वर परत येतं ते पाणी खारट, औषधं मिसळलेलं. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात साठवतात. आसपासचे शेतकरी येऊन विचारतात, आमच्या विहिरीत तर नाही ना येणार? पाइपाभोवतीचं सिमेंट चांगलं असलं तर नाही येत. नसलं तर सांगता येत नाही. मागच्या महिन्यात दाबानं एक पाइप सुटला आणि यांच्या जोडीदाराचा हात गेला. हे मला आज सांगितलं! मी म्हटलं, लांब उभे राहत जा. "लांबच असतो," म्हणाले. खोटं बोलताहेत.

१३ मार्च

देवा, योगायोग म्हणतात तो हाच का?

जुन्नरला अंगणवाडीची मीटिंग होती. तिथल्या व्हरांड्यात एक पोस्टर. 'निकामी विंधन विहिरींना जीवदान.' चित्रात गाडी, पंप, खाली तडकलेला खडक. हुबेहूब सुनीलनी सांगितलं तेच! पण तेलासाठी नव्हे, पाण्यासाठी. पुण्याच्या पाण्याच्या खात्याचं मशीन आहे म्हणे, कोरड्या बोअरमध्ये पाणी दाबून खडक फोडतं.

मीटिंग गेली चुलीत. मी त्या साहेबांना गाठलं. सुदर्शन साहेब, भूगर्भाचे. तरुणच आहेत, चेहरा उन्हानं रापलेला, बुटांना चिखल वाळलेला. म्हटलं, साहेब, आमच्या वाडीत एक बोअर आहे, सहा वर्षं कोरडी. त्यांनी फाईल काढली नाही की 'उद्या या' म्हणाले नाहीत! खाली बसून फरशीवर खडूनं चित्र काढून दाखवलं. आपल्या पठाराचा काळा खडक म्हणजे एकावर एक थापलेले थर. पाणी फक्त भेगांत. बोअर भेगेच्या दोन हात बाजूनं गेली तरी कोरडी! आणि भेग चाळीस-पन्नास फुटांवर असली तर दाबानं तिथपर्यंत चीर नेता येते.

म्हणजे मामंजी चुकलेच नव्हते! थोडक्यात हुकले होते!

एसटीत रडू आलं मला. शेजारची बाई म्हणाली, "माहेरी कुणी आजारी हाय का?" मी म्हटलं, नाही हो, आनंद झालाय.

१४ मार्च

मामंजींना सांगितलं. वाटलं, चेहरा उजळेल. भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला.

"खडकाला खडक म्हणून राहू द्या की," म्हणाले.

मी म्हटलं, मामा, तुमचं नाव परत येईल. तर म्हणतात, "नाव कुठं गेलंय? लोकं रोज तर घेत्यात."

भिताहेत. परत फुफाटा निघाला तर? मी समजू शकते. पण मी काही सोडणार नाही. आज अर्ज लिहिला. वाडीतल्या एकसष्ट बायकांच्या सह्या घेणार. अंगठेसुद्धा चालतील.

संध्याकाळीच सुरुवात केली, सासूबाई माझ्याबरोबर होत्या. बोअर पाडली त्या दिवसाची गोष्ट सांगत होत्या: "लिंबाखाली लई येळ थांबलं व्हतं तुजं मामा. मला वाटलं, हितंच दावत्यात. मग काय मनात आलं, चालत बाभळीपर्यंत गेलं." लिंब आणि बाभळ यांत मोजून चाळीस फूट असतील. आणि लिंबापासून खाली उतरलं की गेणभाऊची विहीर.

अगदी थोडक्यात हुकले!

२३ मार्च, रविवार

यांचा फोन. अर्ज गेला म्हटल्यावर आधी खूश झाले. मग विचारलं, "शेजारी चालू विहीर किती लांब?"

मी म्हटलं, दीडशे फूट असेल.

 मिनिटाचे पैसे चाललेत आणि हा माणूस परत विचारतो, नक्की दीडशेच? मग म्हणाले, "चीर आपल्या मर्जीनं जात न्हाई. कच्ची बाजू बघून पळती. साहेबाला ईचार."

विचारीन. मी काही वेडी नाही.

घरी येऊन मामंजींना सांगितलं, यांनी असं असं म्हटलं. तर एकदम जागे झाल्यासारखे, "किती लांब पळती? कुन्या अंगाला?" इतके प्रश्न मला सहा वर्षांत विचारले नव्हते. मला बरंच वाटलं, म्हणजे मन लागतंय यात!

२ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. साखरेची गाठी हर्षालीनं दुपारीच फस्त केली.

मामंजी सकाळी सकाळी सुंभाची दोरी घेऊन गेले. तिला हाताहातावर गाठी मारल्यात. गेणभाऊच्या विहिरीत सोडली, ओली झालेली मोजली, गुंडाळून परत आले. सात हात पाणी. मी विचारलं, कशाला? म्हणाले, "असंच."

७ एप्रिल, सोमवार

सुदर्शन साहेब आले! तीन दिवस राहतील म्हटलं तर एका दिवसात सगळं शिवार पालथं घातलं. जमिनीत सळया ठोकून, तारांनी डबीसारखं यंत्र जोडून, खडकातून वीज सोडून बघतात. ऊन मी म्हणत होतं. मी लिंबू सरबत नेलं तर एक पेला प्यायले, बाकीचं त्यांच्या माणसांना दिलं. असे साहेब असतात का? मला तर माहीत नव्हतं!

संध्याकाळी मारुतीच्या पारावर सभा. साहेबांनी सरळ सांगितलं, काही लपवलं नाही. बोअरजवळ पाणी आहे असं वाटतं. चीर गेली तर हापशाला पुरेल इतकं येईल, सगळ्या वाडीला, बारमाही. पण दोन गोष्टी. एक, काहीच न होण्याची शक्यता आहे. दुसरी, गेणभाऊची विहीर त्याच भेगेवर असली तर तिचं पाणी कमी होऊ शकतं. शंभरात किती, ते सांगता येत नाही. "म्हणून विहीरमालकाची लेखी संमती हवी. त्यांनी नको म्हटलं तर मी गाडी आणणार नाही."

सगळे गेणभाऊकडे बघायला लागले. तो उठला, धोतर झटकलं.

"साहेब, ती हीर म्या अन् माझ्या कारभारणीनं दोन उन्हाळं खोदलीया. ती गेली, हीर ऱ्हायली. बाहत्तरच्या दुष्काळात आटली न्हाई, आता काय आटती! अन् आटली तर वाडीला पाणी मिळंल न्हवं? फोडा!"

काय माणूस आहे! मी मनातल्या मनात त्याचे सगळे टोमणे माफ केले. निम्मे तरी.

संमती मीच लिहिली. त्यानं 'गेनभाऊ' अशी सही ठोकली, कागद फाटेल इतक्या जोरात.

तेवढ्यात मामंजी मागून उठले. सभेत कधी बोलत नाहीत. "साहेब, चीर लिंबाकडं जाईल का?"

साहेब म्हणाले, जाऊ शकते. खात्री नाही.

मामंजींना आणखी काहीतरी बोलायचं होतं. तोंड उघडलं होतं त्यांनी. पण लोक हसायला लागले, कुणीतरी "फुफाटे, बसा खाली" म्हणालं, आणि मला राग आला. मी म्हटलं, "मामा, भिऊ नका हो. या वेळी मी आहे." आणि त्यांना हाताला धरून बसवलं.

बसले.

१२ एप्रिल

मामंजी जेवत नाहीत धड. विहिरीत सहा हाताच्या वर थोडं पाणी, म्हणतात. विहिरीचंच बोलतात.

१७ एप्रिल, गुरुवार

कुठून सुरू करू! हात दुखतोय, पण आज लिहिणारच.

सकाळी सातला गाडी आली. मोठा पंप बसवलेली, जाड नळ्या, घड्याळासारखी तबकडी. मागे पाण्याचे दोन टँकर, भरलेले. आणि इथंच बोंब झाली! आठ दिवस टँकर नाही, आणि हे भरलेले दोन टँकर भोकात ओतणार? कोंडाबाई आजी टँकरच्या पुढच्या चाकाला पाठ लावून बसल्या. "आदी माझ्या हंड्यात, मग त्या भोकात! नायतर माझ्या अंगावरनं न्या!" ऐंशीची म्हातारी. ड्रायव्हर घाबरला. सुदर्शन साहेबांनी स्वतः नळी धरून आजींचा हंडा भरला. मग रांगच लागली. तास गेला, पण कुणाला मोकळ्या हातानं पाठवलं नाही. उरलेलं पुरेल, म्हणाले.

मग हवा मारून बोअर साफ केली. अगं बाई! आतून काय उडालं असेल? बांगड्या! हिरव्या बांगड्यांचे तुकडे, सुपाऱ्या, हळकुंडं, चार आण्यांची नाणी. सहा वर्षं बायका साती आसरांची, पाण्यातल्या देवींची, ओटी गुपचूप त्या बोअरमध्ये टाकत होत्या, पाणी यावं म्हणून. ज्यानं त्यानं मान फिरवली. साहेबांचा मिस्त्री कुंडलिक म्हणाला, "आता कळलं, देवी का रुसली. नाकातोंडात सुपाऱ्या गेल्या तिच्या!" सासूबाईसुद्धा पदरात तोंड लपवून हसल्या. त्यातली निम्मी हळकुंडं त्यांचीच असणार.

मग रबराचा जाड बोळा नळीबरोबर खाली सोडला, नव्वद फुटांवर. तो फुगवला की भोक गच्च बंद. त्याच्या खालच्या भागात पाणी दाबायचं. पाण्याला जायला वाट नाही, म्हणजे खडकालाच वाट द्यावी लागते! किती साधी गोष्ट! आणि हे कुणाच्या तरी डोक्यात पहिल्यांदा आलं असेल, त्या माणसाला मी साष्टांग दंडवत घालीन.

पंप सुरू झाला. जमीन पायाखाली गुरगुरत होती. कुंडलिक तबकडीवरचे आकडे ओरडत होता. चाळीस. सत्तर. शंभर. एकशे दहा. काटा थरथरायला लागला. साहेबांनी सगळ्यांना मागं सरकवलं, मला यांच्या जोडीदाराचा हात आठवला आणि मी हर्षालीला ओढून घेतलं. एकशे पंचवीस. 

आणि काटा धाडकन चाळीसवर!

आवाज मोठा नाही आला. खोल कुठंतरी दार उघडावं तसा धप्प. तळव्यांना कळला. कुंडलिकनं टोपी उडवली. "फुटला! फुटला खडक!"

सुरुंग नाही, छिन्नी नाही. पाण्यानं खडक फोडला! मी इथं, माझ्या डोळ्यांनी, माझ्या अंगणवाडीसमोर बघितलं. सुनील रोज हे करतात! मला त्यांचा किती अभिमान वाटला, हे त्यांना फोनवर सांगायला जमणार नाही, म्हणून इथं लिहिते.

वाळू नाही टाकली. खडक काळा आहे, चीर आपली आपण उघडी राहील, असं साहेब म्हणाले. बोळा आणखी खाली नेऊन परत एकदा दाबलं. मग उपसा. आधी गढूळ, मग राखाडी, मग नितळ. पत्र्याच्या खाचेच्या पेटीतून पाणी मोजलं. तासाला अठराशे लिटर! साहेबांनी दोनदा मोजलं आणि दुसऱ्यांदा हसले. पहिल्यांदाच हसताना पाहिलं त्यांना.

मी मामंजींना शोधत होते. गर्दीत नव्हते. गेणभाऊच्या विहिरीच्या काठावर बसले होते एकटेच, हातात दोरी. मी ओरडतच गेले, मामा, पाणी! अठराशे! त्यांनी विहिरीकडे बोट केलं. "बुडबुडं आलं व्हतं मगाशी. लिंबाच्या अंगानं." मग म्हणाले, "आता थांबवता येतं का गं ते?"

मी हसले. म्हटलं, आता कशाला थांबवायचं? आता तर सुरू झालंय!

२० एप्रिल, रविवार

हापसा बसला. चौथ्या दांड्याला धार!

सगळी वाडी जमली. गेणभाऊ पुढे आला. स्वतःचा फेटा सोडला आणि मामंजींच्या डोक्याला बांधला, सावकाश, एक एक वेढा. "ऐका रं," म्हणाला, "आजपास्नं फुफाटा म्हणायचं न्हाई. जो म्हणंल त्यानं माझ्याशी गाठ हाय. जागा बराबर व्हती ह्याची. आमीच आंधळं."

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. हर्षालीनं शिट्टी वाजवली, कुठून शिकली कोण जाणे! मी ढसाढसा रडले. सहा वर्षांचं सगळं एकदम निघालं.

मामंजी मान खाली घालून उभे. फेटा डोळ्यांवर आला तरी सारखा केला नाही. किती साधा माणूस!

२१ एप्रिल

नव्या बाई स्वतः घरी आल्या. चहा घेतला. हजेरीत आडनाव दुरुस्त केलं म्हणाल्या.

२५ एप्रिल

हापशावर रात्रंदिवस दांडा चालू. बायका गप्पा मारत पाणी भरतात, धुणं तिथंच. कोंडाबाई आजी काहीच भरायचं नसलं तरी येऊन बसतात. अंगणवाडीतल्या पोरांना मी रोज हात-तोंड धुवायला लावते, साबणानं! दोन पोरांची खरूज पाच दिवसांत कमी झाली. हे मी मीटिंगमध्ये सांगणार आहे. हे मशीन प्रत्येक वाडीत गेलं पाहिजे.

मामंजी सकाळी दोरी घेऊन गेले. चार हात.

मला वाटलं, मोजण्यात चूक झाली. सहाच्या वर होतं ना? अख्ख्या एप्रिलात दीड हात उतरतं दरवर्षी.

२९ एप्रिल

दोन हात आणि चार बोटं. मी स्वतः दोरी सोडून पाहिली.

सुदर्शन साहेबांना जुन्नरला फोन लावला. खोटा धीर दिला नाही त्यांनी. म्हणाले, दोन्ही एकाच भेगेवर आहेत असं दिसतंय. उपसा कमी करून बघा, दिवसातले काही तास हापसा बंद ठेवा. मी येतो. त्यांना वाईट वाटतंय, हे आवाजावरून कळत होतं. मलाही वाटलं.

हापसा बंद ठेवायला कोण तयार होणार? साठ घरं एका बाजूला, एक विहीर दुसऱ्या. हिशोब सरळ आहे, असं मी मनाशी दहा वेळा म्हटलं.

गेणभाऊला विचारलं, भाऊ, विहीर उतरतेय का? म्हणाला, "उन्हाळा हाय, सूनबाई. हीर बी म्हातारी झाली, माझ्यावानी." आणि टोमणा नाही मारला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

२ मे

गेणभाऊच्या विहिरीचा तळ दिसतो. एक कासव आहे त्यात, कुणाला माहीत नव्हतं.

४ मे, रविवार

मामंजी अंगणवाडीच्या पायरीवर येऊन बसले. फेटा मांडीवर. माझ्याकडे न बघताच बोलायला लागले.

"पाणी व्हतं, उज्ज्वला. लिंबाखाली. नारळ असा उभा ऱ्हायला की तळहाताला कळ लागली. पर ती शीर गेणभाऊच्या हिरीची. तोडली असती तर त्याची हीर आटली असती. मशीन दारात उभं, सगळी वाडी म्हणती दाव, दाव. म्हणून चाळीस फूट बाजूला गेलो. बाभळीखाली निस्ता खडक हाय, मला ठावं व्हतं."

 सभेत त्यांना हाताला धरून खाली बसवणारी मीच.

"त्याला सांगू नको," म्हणाले. "फेटा बांधलाय त्यानं."

इतक्यात गेणभाऊच आला, रिकामा हंडा घेऊन. पहिल्यांदा हापशावर. बायकांनी त्याला पुढे घेतलं. हंडा भरला तसा मामंजींकडे बघून हसला. म्हणाला, "चिमाजी, तुझ्यामुळं पाणी बघ!"

मामंजी उठले आणि हंडा त्याच्या खांद्यावर चढवून दिला.